ईमेलच्या टेस्टमध्ये आर्ग्युमेंट बदलू नका, पकडा

लातूरहून एका तरुण डेव्हलपरने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "ताई, इथल्या एका क्लाससाठी मी पायथनमध्ये फीची आठवण पाठवणारा प्रोग्रॅम लिहिलाय. हप्त्याची तारीख जवळ आली की पालकांना ईमेल जातो. युनिट टेस्टमध्ये मेल पाठवणाऱ्या मेथडचा 'टू' हा आर्ग्युमेंट बदलून तिथं मला माझा पत्ता टाकायचाय. पॅच लावला तर तो लागलाच नाही, तीन खऱ्या पालकांना मेल गेले. मग कसाबसा लागला, तर आता कोडमध्ये काहीही मोडलं तरी टेस्ट पासच होते. आर्ग्युमेंट नीट कसा बदलायचा?"

भाऊ, तुमच्या दोन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत. (नवख्यांसाठी: आर्ग्युमेंट म्हणजे फंक्शनला हाक मारताना दिलेली किंमत, आणि पॅच म्हणजे टेस्टपुरतं खऱ्याच्या जागी दुसरं काहीतरी बसवणं.) दुसरीपासून सुरुवात करते, कारण खरी चूक तिथं आहे.

तुम्ही 'टू'च्या जागी स्वतःचा पत्ता घातला आणि टेस्टच्या शेवटी तपासलं की मेल तुमच्याच पत्त्यावर गेला का. तो जाणारच, कारण तो पत्ता तुम्हीच घातलाय. कोडने कोणता पत्ता काढला होता, उदगीरच्या पालकाचा की चुकून अहमदपूरच्या, ही एकच गोष्ट टेस्टने सांगायला हवी होती, आणि नेमकी तीच तुम्ही पुसून टाकली. त्यामुळे आर्ग्युमेंट बदलायचा नाही. कोडने जो दिला तो तसाच राहू द्यायचा आणि हातात धरून बघायचा. बदलायचं ते पाठवणाऱ्याला.

आता पॅच का लागला नाही ते बघू. खाली मी नावं देवनागरीत लिहितेय, तुमच्या फायलीत ती इंग्रजीत असतील. मेल पाठवणारं फंक्शन 'टपाल' या मॉड्यूलमध्ये, म्हणजे पायथनच्या फायलीत, आहे आणि फीची आठवण 'आठवण' या मॉड्यूलमध्ये. माझा अंदाज आहे की 'आठवण'च्या वर अशी ओळ असेल:

फ्रॉम टपाल इम्पोर्ट मेल_पाठव

आणि टेस्टमध्ये तुम्ही 'टपाल.मेल_पाठव' पॅच केलं असेल. इथंच गोची होते. त्या इम्पोर्टच्या ओळीने 'आठवण'मध्ये 'मेल_पाठव' हे स्वतंत्र नाव तयार केलं आणि ते खऱ्या फंक्शनला जोडून ठेवलं. तुम्ही नंतर 'टपाल'मधलं नाव बदललं, त्याचा 'आठवण'मधल्या नावाला पत्ताच नाही. घरच्या डायरीत पाहुण्यांचा नंबर खोडून नवा लिहिला, पण वडिलांच्या खिशातल्या डायरीत जुनाच आहे, आणि फोन लावताना ते खिशातलीच काढतात, तसं हे झालं. पॅच लावायचा तो जिथं नाव वापरलं जातं तिथं, म्हणजे 'आठवण.मेल_पाठव' वर. 'इम्पोर्ट टपाल' असं लिहून आत 'टपाल.मेल_पाठव' म्हणत असाल, तर मात्र 'टपाल'वरचा पॅच चालतो, कारण तिथं दर वेळी नाव नव्याने शोधलं जातं.

याच कुळातली आणखी एक चूक आहे, ती शोधायला जास्त वेळ जातो. फंक्शन असं लिहिलेलं असतं:

डेफ फी_आठवण(विद्यार्थी, पाठवणारा=टपाल.मेल_पाठव):

यातली डिफॉल्ट किंमत दर कॉलला ठरत नाही. 'डेफ'ची ओळ चालते तेव्हा, म्हणजे मॉड्यूल लोड होतानाच, ती एकदा ठरते आणि फंक्शनला चिकटून बसते. त्यानंतर 'टपाल.मेल_पाठव'वर कुठंही पॅच लावा, हे फंक्शन जुन्यालाच हाक मारणार. 'पाठवणाऱ्याचा पत्ता=सेटिंगमधला पत्ता' असा डिफॉल्ट लिहिला तरी तेच होतं, टेस्टमध्ये सेटिंग बदललेलं त्याला कळत नाही. उपाय सोपा आहे. डिफॉल्ट 'नन' ठेवा आणि आत पहिल्या ओळीत, नन असेल तर खरी किंमत घ्या, असं लिहा. किंवा टेस्टमधून तो आर्ग्युमेंट उघडपणे द्या. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, त्याबद्दल पुढे सांगते.

पकडायचं कसं? पायथनचं मॉक, म्हणजे खऱ्या फंक्शनच्या जागी उभं राहून आलेले कॉल लक्षात ठेवणारी वस्तू, हे ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, स्टँडर्ड लायब्ररीतच आहे, वेगळं काही लागत नाही. 'आठवण.मेल_पाठव'ला पॅच करताना 'ऑटोस्पेक' ट्रू द्या. मग 'फी_आठवण'ला एक विद्यार्थी द्या आणि मॉकच्या 'कॉल_आर्ग्ज'मध्ये बघा: कोणाला, कोणता विषय, किती रक्कम. पूर्ण मजकूर अक्षरन् अक्षर जुळवत बसू नका. पत्ता, रक्कम, तारीख आणि विद्यार्थ्याचं नाव या चार गोष्टी बरोबर असल्या की पालकाच्या दृष्टीने मेल बरोबर. बाकी जागी 'एनी', म्हणजे काहीही चालेल, ठेवा, नाहीतर उद्या क्लासच्या सरांनी 'नमस्कार'चं 'सप्रेम नमस्कार' केलं की वीस टेस्ट लाल, म्हणजे नापास, होतील आणि तुम्ही न वाचताच त्या हिरव्या करायला लागाल.

ऑटोस्पेकवर मी अडून का बसते? साधा मॉक काहीही गिळतो. 'मेल_पाठव' तीन आर्ग्युमेंट घेतं असं समजून टेस्ट लिहिली, सहा महिन्यांनी कोणीतरी चौथा सक्तीचा केला, तरी साध्या मॉकवरच्या टेस्ट हिरव्याच राहतात आणि प्रॉडक्शनमध्ये पहिल्याच मेलला टाइप-एरर येतो. ऑटोस्पेक मूळ फंक्शनची सही, म्हणजे त्याला कोणते आणि किती आर्ग्युमेंट लागतात ते, सोबत ठेवतो आणि चुकीचा कॉल तिथंच अडवतो. 'असर्ट_कॉल्ड_विथ'ने तपासलं तर 'टू' नावाने दिला की जागेने दिला, हेही तो स्वतःच जुळवून घेतो, त्यामुळे तेवढ्यासाठी टेस्ट मोडत नाही.

तुमचं पायथन जुनं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. 'असर्ट_कॉल्ड_वन्स_विथ'मधला 'असर्ट' लिहायचा राहिला, नुसतं 'कॉल्ड_वन्स_विथ' झालं, तर साध्या मॉकला ते आपलंच एखादं अॅट्रिब्यूट वाटायचं आणि टेस्ट काहीही न तपासता पास व्हायची. ३.१२ पासून यावर एरर येतो. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर सगळ्या टेस्टमध्ये एकदा हे शोधून बघा. मी एका जुन्या प्रोजेक्टमध्ये शोधलं तेव्हा अशा अकरा ओळी निघाल्या होत्या, त्यातल्या दोन दुरुस्त करताच लाल झाल्या.

आता सगळ्यात घातक सापळा, यावर जरा थांबून विचार करा. मॉक आर्ग्युमेंटची प्रत काढून ठेवत नाही. तो फक्त त्या वस्तूकडे बोट दाखवून ठेवतो. आकडा किंवा स्ट्रिंग असेल तर फरक पडत नाही, त्या बदलत नाहीत. डिक्शनरी किंवा यादी असेल तर फार फरक पडतो.

समजा तुमचं कोड एकच 'माहिती' नावाची डिक्शनरी घेतं, लूपमध्ये दर विद्यार्थ्याचं नाव आणि रक्कम त्यात भरतं आणि 'मेल_पाठव(माहिती)' म्हणतं. तीन विद्यार्थी, तीन कॉल. टेस्टमध्ये तीनही कॉल उघडून बघितले तर तिन्हींत शेवटच्याच विद्यार्थ्याचं नाव दिसेल. मेल बरोबर गेलेले असतात, पण डिक्शनरी एकच आहे आणि तुम्ही ती लूप संपल्यावर बघताय. इथं टेस्ट खोटं लाल होते, तास-दोन तास वाया जातात, एवढंच नुकसान.

उलट्या दिशेचं नुकसान मोठं असतं. आईवडील सोयाबीन आणि तूर विकून हप्ता भरतात. अशा घरांना क्लासने सवलत ठेवलीय असं धरा. कोडमध्ये क्रम चुकला: आधी मेल गेला बारा हजारांचा, मग त्याच डिक्शनरीत सवलत वजा होऊन नऊ हजार झाले. टेस्ट शेवटी डिक्शनरी बघते, तिला नऊ हजार दिसतात, टेस्ट हिरवी होते. आणि कंधारच्या बापाच्या हातात, बहुतेक पुतण्याच्या मोबाइलवर, बारा हजारांचा मेल. टेस्ट पास, मेल चुकीचा. हे मी प्रत्यक्ष घडताना पाहिलंय, आकडे तेवढे वेगळे होते.

यावर उपाय म्हणजे कॉल होतो त्याच क्षणी प्रत काढणं. मॉकच्या 'साइड_इफेक्ट'ला एक छोटं फंक्शन द्या. ते आलेल्या आर्ग्युमेंटची 'डीपकॉपी' करून एका यादीत टाकेल, आणि टेस्ट ती यादी तपासेल. तीन ओळींचं काम आहे. आर्ग्युमेंट बदलू शकणारी वस्तू असेल तिथं मी हे न विचारता करते.

या सगळ्या कसरतीनंतर मनापासून सांगते, तुमच्या प्रोग्रॅमला एवढं मॉकिंग लागायलाच नको. तुमच्या एकाच फंक्शनमध्ये दोन कामं घुसलीत: मेल तयार करणं आणि मेल पाठवणं. ती वेगळी करा. 'पत्र_तयार_कर(विद्यार्थी, आजची_तारीख)' हे फंक्शन पायथनचा 'ईमेल-मेसेज' बनवून परत देईल. त्यात नेटवर्क नाही, सर्व्हर नाही, म्हणून मॉकही नाही. विद्यार्थी द्या, पत्र घ्या, वाचून बघा. हप्ता, सवलत, मुदत, दोन भावंडं एकाच क्लासला असली तर काय, पालकाचा ईमेलच नसला तर काय, अशा ज्या पंचवीस-तीस टेस्ट लिहायच्यात त्या सगळ्या इथं लिहा. तारीखही आर्ग्युमेंट म्हणून द्या, म्हणजे 'आज' पॅच करत बसावं लागणार नाही.

पाठवण्याच्या बाजूला मग फक्त दोन-तीन टेस्ट उरतात. तिथं मी मॉकऐवजी दहा ओळींचा फेक क्लास लिहिते: 'पाठव' नावाची मेथड, आत एक यादी, आलेलं पत्र यादीत टाकायचं. 'फी_आठवण'ला हा फेक 'पाठवणारा' म्हणून द्यायचा. पॅचचा पत्ता चुकण्याचा प्रश्नच राहत नाही, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी टेस्ट वाचली तर त्याला मॉकची भाषा शिकावी लागत नाही. जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क वापरत असाल तर हेही तयार मिळतं: टेस्ट चालू असताना जँगो मेलचा बॅकएंड आपोआप बदलतो, सगळे मेल 'मेल.आउटबॉक्स' या यादीत जमा होतात आणि दर टेस्टआधी ती रिकामी होते. जावावाल्यांना हेच मॉकिटो या लायब्ररीच्या 'आर्ग्युमेंट-कॅप्टर'ने करता येतं.

मराठी मेल म्हणून दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात, त्या इंग्रजी उदाहरणांत सापडत नाहीत.

पहिली विषयाच्या ओळीची. मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे विषय आणि पत्ते असलेल्या वरच्या भागात, देवनागरी सहसा थेट जात नाही, ती एन्कोड होते. हा नियम आरएफसी २०४७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेला दस्तऐवज) १९९६ पासून आहे आणि त्यात एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, बेस-६४ मध्ये त्याची चार अक्षरं होतात. तुकड्याच्या सुरुवातीची आणि शेवटची खूण बारा अक्षरं खाते. हिशेब केला तर एका तुकड्यात देवनागरीची पंधराच चिन्हं बसतात, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही प्रत्येकी वेगळी मोजायची. म्हणजे 'दुसऱ्या हप्त्याची मुदत' एवढा साधा विषयही दोन तुकड्यांत जातो. टेस्टमध्ये कच्चं हेडर घेऊन त्यात मराठी शब्द शोधाल तर कधीच सापडणार नाही. ईमेल-मेसेजला 'सब्जेक्ट' विचारा, तो उलगडून देतो, त्याच्याशी तुलना करा.

दुसरी गोष्ट याच 'दुसऱ्या' शब्दात आहे. हा 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर तो ऱ, हलन्त, य असा पडतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग न दिसणारा झिरो-विड्थ-जॉइनर आणि य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण कंप्युटरला ते वेगळे. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, केलं तरी हे दोन एक होत नाहीत, कारण त्याच्या लेखी ते समान नाहीतच. टेम्प्लेट क्लासच्या ऑफिसातल्या माणसाने टाइप केलेलं, टेस्ट तुम्ही टाइप केलेली, आणि डोळ्यांना तंतोतंत जुळणाऱ्या दोन ओळींवर टेस्ट लाल. असं झालं की शब्दातल्या एकेका चिन्हाचा कोड छापून बघा. मी आता टेस्टमधला मजकूर हाताने टाइप करतच नाही, टेम्प्लेट आणि टेस्ट दोघं एकाच फायलीतून घेतात.

आता राहिली ती जागा, जिथं पत्ता बदलणं खरंच योग्य आहे. ती म्हणजे स्टेजिंग, खऱ्या वापराआधी प्रोग्रॅम चालवून बघायचं मशीन. तिथं खरा डेटा असतो, पूर्ण प्रोग्रॅम चालवून बघायचा असतो आणि मेल मात्र बाहेर जाऊ द्यायचा नसतो. इथं मी स्वतः एक चूक केली होती, ती सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचं काम करत होते. डीलरांना ऑर्डरचे मेल जायचे. स्टेजिंगवर मेल माझ्याकडे वळावेत म्हणून मी मेसेजमधला 'टू' बदलून माझा पत्ता घातला, आणि ऑर्डर रद्द झाल्याचा मेल तपासायला बटण दाबलं. माझ्याकडे मेल आलाच नाही. अर्ध्या तासात फोन सुरू झाले: अंबड, मंठा, सेलू, जिंतूर. मृग तोंडावर, दुकानात बियाणं भरायची वेळ, आणि चाळीसेक डीलरांच्या हातात 'आपली ऑर्डर रद्द करण्यात आली आहे'. त्यांनी उघडलेल्या मेलवर 'टू'मध्ये पत्ता माझा, पण मेल त्यांच्या पेटीत.

याचं कारण एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पाठवायच्या नियमांच्या, मुळातच आहे, १९८२ च्या आरएफसी ८२१ पासून. मेलला दोन पत्ते असतात. एक पाकिटावरचा, सर्व्हर तोच बघून मेल पोचवतो. दुसरा आतल्या कागदावरचा 'प्रति', तो फक्त वाचणाऱ्यासाठी. मी कागदावरचा बदलला होता. आमचं कोड पायथनच्या 'सेंड_मेसेज'ला 'टू_अॅड्रेसेस' वेगळे देत होतं, म्हणजे पाकीट वेगळं लिहीत होतं, आणि त्याला मी हातच लावला नव्हता. 'टू_अॅड्रेसेस' दिले नसते तर 'सेंड_मेसेज'ने ते 'टू', 'सीसी' आणि 'बीसीसी' या हेडरांतून घेतले असते. तरीही फक्त 'टू' बदलून भागलं नसतं, कारण 'बीसीसी'चे पत्ते पाकिटावर जातात आणि हेडर मात्र पाठवताना काढून टाकलं जातं. मेल कोणाला गेला, हे मेल बघून कळतच नाही.

त्या रात्री आम्ही सगळ्या डीलरांना फोन केले. एकाने दुसऱ्या कंपनीचा माल उचलूनही झाला होता, त्याचा तो तोटा मी विसरलेले नाही.

तेव्हापासून स्टेजिंगच्या मशीनवर खऱ्या मेल-सर्व्हरचा पासवर्डच ठेवत नाही. तिथं मेलपिट नावाचा टेस्टसाठीचा मेल-सर्व्हर चालवते. तो १०२५ पोर्टवर मेल घेतो, पुढे पाठवत नाही, आणि ८०२५ पोर्टवर ब्राउझरमध्ये दाखवतो. पत्ते जसेच्या तसे, पाकिटावरचेही बघता येतात. तरीही पत्ता बदलायचाच असेल तर तो अगदी शेवटच्या दारात, पाकिटावर बदलावा आणि मूळ पत्ता एका वेगळ्या हेडरमध्ये लिहून ठेवावा, म्हणजे हा मेल कोणाला जाणार होता ते हरवत नाही.

टेस्टच्या डेटात पत्ते कोणते वापरायचे तेही ठरवून टाका. मनाने बनवलेला जीमेलचा पत्ता कोणाचा तरी असू शकतो. १९९९ च्या आरएफसी २६०६ ने 'एक्झाम्पल डॉट कॉम' हे डोमेन आणि 'डॉट टेस्ट', 'डॉट इनव्हॅलिड' ही टोकं याच कामासाठी राखून ठेवलीत, ती कोणाला विकली जात नाहीत. पालकांच्या खऱ्या यादीची प्रत टेस्टमध्ये कधीच ठेवू नका, एका दिवसासाठीही नाही.

आज काय करायचं ते सांगते. टेस्ट चालवायला पायटेस्ट हे साधन वापरत असाल तर 'कॉन्फटेस्ट' फायलीत एक फिक्स्चर, म्हणजे टेस्टआधीची तयारी करणारं फंक्शन, लिहा, 'ऑटोयूज' ट्रू ठेवून (म्हणजे ते प्रत्येक टेस्टला आपोआप लागेल), जे 'एसएमटीपीलिब'च्या 'एसएमटीपी' क्लासच्या जागी एरर फेकणारं फंक्शन बसवेल. तुमच्या कोडमध्ये 'फ्रॉम एसएमटीपीलिब इम्पोर्ट एसएमटीपी' असं असेल तर इथंही तोच खिशातल्या डायरीचा नियम लागू होतो, पॅच 'टपाल'मधल्या नावावर लावा. 'एसएमटीपी_एसएसएल' वापरत असाल तर त्यालाही वेगळा लावा. हे झाल्यावर पहिल्यांदा वायफाय बंद करून सगळ्या टेस्ट चालवा. ज्या टेस्टमध्ये तुमचा स्वतःचा एरर दिसेल, तिथं मेल बाहेर निघाला होता पण अडवला गेला. जिथं नेटवर्कचा एरर दिसेल, तिथं अजून एक दार उघडं आहे. ते सापडेपर्यंत वायफाय सुरू करू नका.

आणि त्या तीन पालकांना क्लासतर्फे फोन जाऊ द्या, मेल नको. आठवण चुकून गेली, हप्त्याची तारीख होती तीच आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.